गोचिडीचा गुन्हा सिद्ध करणारे डॉ. रिकेट्स

घरात कुत्रा असलेल्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबांना 'टिक फीव्हर' हा शब्द नवा नाही. कालपर्यंत दारापर्यंत धावत येणारा कुत्रा एकाएकी मलूल होतो, अन्नाला तोंड लावत नाही, अंग तापते, क्वचित नाकातून रक्त येते. पशुवैद्य रक्त तपासतात, 'अर्लिकिया' असे काहीसे नाव उच्चारतात आणि कानामागे, बोटांच्या बेचक्यांत दडलेल्या गोचिडींकडे बोट दाखवतात. हा जंतू १९३५ मध्ये अल्जीरियातील कुत्र्यांच्या रक्तात प्रथम ओळखला गेला, तेव्हा त्याचे नाव 'रिकेट्सिया कॅनिस' असे ठेवण्यात आले होते. पुढे नाव बदलले; पण जंतूंच्या ज्या मोठ्या गणात त्याची गणना होते, त्या गणाला आजही रिकेट्स यांचेच नाव आहे.

हे नाव ऐकून अनेकांना लहान मुलांना होणारा मुडदूस आठवतो. त्या 'रिकेट्स'शी या नावाचा काडीचाही संबंध नाही. हे नाव एका माणसाचे आहे. डॉ. हॉवर्ड टेलर रिकेट्स अवघे एकोणचाळीस वर्षे जगले. त्यांपैकी जेमतेम चार वर्षे त्यांनी गोचीड या क्षुद्र जीवाच्या मागे घालवली. गोचीड माणसाला जीवघेणा ताप देते, हे प्रयोगाने सिद्ध करणाऱ्यांत त्यांचे नाव सर्वात आधी घेतले जाते. आणि त्यांचा मृत्यू झाला तो त्याच जातकुळीच्या दुसऱ्या तापाने.

ज्या ठिकाणी ही कथा घडली, ते अमेरिकेतील मोंटाना राज्यातले बिटररूट खोरे दिसायला अतिशय रमणीय आहे. पश्चिमेला बर्फाच्छादित शिखरांची रांग, मधून वाहणारी नदी, काठाला पाइनची जंगले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे शेतकरी, लाकूडतोडे आणि फळबागा लावणारे लोक येऊन स्थिरावले. मात्र दर वर्षी वसंत ऋतू आला, की खोऱ्यावर भीतीची छाया पसरे. मार्च ते जुलै या काळात धडधाकट माणसाला अचानक थंडी वाजून ताप भरे, डोके आणि सांधे असह्य दुखू लागत. काही दिवसांनी मनगटे व घोट्यांवर लाल ठिपके उमटत आणि पाहता पाहता सर्वांगावर पसरून काळपट पडत. लोक याला 'काळा गोवर' म्हणत. रुग्णांची संख्या दर वर्षी फार नसे. पण आजारी पडलेल्या शंभरांतले सत्तर-ऐंशी दगावत. विशेष म्हणजे शेजारच्या आयडाहो राज्यात हाच ताप बराच सौम्य होता.

त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की हा ताप नदीच्या पश्चिम काठावरच होई. पूर्वेकडचे लोक निर्धास्त असत. मग पश्चिमेच्या डोंगरांवरून वितळून येणाऱ्या बर्फाचे पाणी विषारी असावे, असा समज रूढ झाला. कोणी लाकडाच्या भुशाला दोष दिला, कोणी ओढ्यांवरच्या धुक्याला. १९०२ मध्ये राज्याच्या बोलावण्यावरून आलेल्या विल्सन आणि चाउनिंग या दोन संशोधकांनी गोचिडीवर संशय घेतला आणि जमिनीत बिळे करून राहणाऱ्या खारींकडेही बोट दाखवले. पण रक्तात आपल्याला हिवतापासारखा परजीवी दिसला, असेही त्यांनी सांगितले. पुढे सरकारी प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स स्टाइल्स यांनी तपासणी केली, तेव्हा त्यांना असा परजीवी मुळी आढळलाच नाही. परजीवीचा दावा कोसळला आणि त्याबरोबर गोचिडीचा सिद्धांतही निकालात निघाला. एका चुकीमुळे दुसरी बरोबर गोष्टही लोकांच्या नजरेतून उतरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच. खोऱ्यातल्या जमीनविक्रेत्यांना तर हे हवेच होते. गोचिडीच्या नुसत्या उल्लेखानेही जमिनींचे भाव पडतील, ही धास्ती त्यांना होती.

रिकेट्स यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७१ रोजी ओहायो राज्यातील फिंडले येथे झाला. नेब्रास्का विद्यापीठातून पदवी घेऊन ते वैद्यकीय शिक्षणासाठी शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आले. १८९३ च्या आर्थिक मंदीने कुटुंबाचा आधार गेला, तेव्हा वैद्यकीय संग्रहालयात काम करून त्यांनी शिक्षण पुरे केले. १८९७ मध्ये ते डॉक्टर झाले. प्रॅक्टिस थाटण्याचा राजमार्ग मोकळा होता. त्यांनी मात्र विकृतिशास्त्राची वाट धरली. त्वचेच्या एका बुरशीजन्य रोगावर त्यांनी बारकाईने काम केले. मग युरोपातल्या प्रयोगशाळा पाहून ते १९०२ मध्ये शिकागो विद्यापीठात शिकवू लागले. १९०० मध्ये मायरा टब्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. दोन मुले होती. रोगप्रतिकारशक्तीवरचे त्यांचे पाठ्यपुस्तक १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण, एका सुस्थिर प्राध्यापकाचे आयुष्य सुरू झाले होते.

त्याच १९०६ च्या वसंतात ते मोंटानात दाखल झाले. मिझूला गावातील रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून त्यांनी प्रयोगशाळा मांडली. आधीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधण्याचा आटापिटा केला होता. रिकेट्स यांनी तो प्रश्न तूर्त बाजूला ठेवला. जंतू कोणता हे नंतर पाहू, आधी तो एका शरीरातून दुसऱ्यात जातो कसा, हे शोधू, असे त्यांनी ठरवले. माझ्या मते त्यांच्या सगळ्या यशाची किल्ली या एका निर्णयात आहे.

रुग्णाचे रक्त त्यांनी गिनिपिगला टोचले. गिनिपिगला ताप आला. त्याचे रक्त दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला टोचून त्यांनी तापाची साखळी टिकवून ठेवली. आता मरणाच्या दारातल्या माणसावर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. रोग पिंजऱ्यात आला होता. मग त्यांनी आजारी गिनिपिगच्या अंगावर एक गोचीड चिकटवली, तिला रक्त पिऊ दिले आणि काही दिवसांनी काढून निरोगी गिनिपिगवर सोडले. तोही तापला. प्रयोग साधा होता, पण त्यात पळवाट नव्हती. त्याच उन्हाळ्यात सरकारी आरोग्यसेवेतील डॉ. किंग यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला, हे येथे नोंदवायला हवे.

पुढच्या वर्षांत त्यांनी एकेक दुवा जोडला. खोऱ्यातल्या रानातून गोळा केलेल्या गोचिडींत काही मूळचीच रोगी असतात, हे त्यांनी दाखवले. नर असो वा मादी, दोघांकडूनही लागण होते, हेही सिद्ध केले. सर्वात महत्त्वाचे म्हणजे रोगी मादीच्या अंड्यांतून जंतू पुढच्या पिढीत उतरतो, हे त्यांच्या लक्षात आले. अंड्यातून निघालेली, अजून एकदाही रक्त न चाखलेली गोचीडही विषारी असू शकते! हिवाळा उलटल्यावर दर वसंतात रोग पुन्हा कोठून उगवतो, या कोड्याचे हे मोठे उत्तर होते. रानातले छोटे प्राणी या जंतूला आसरा देतात, असेही त्यांनी मांडले. एकदा हा ताप येऊन बरा झालेल्या प्राण्याला तो पुन्हा होत नाही, ही त्यांची नोंद पुढच्या लस-संशोधकांना उपयोगी पडली.

प्राण्यांवरचे प्रयोग माणसाला लागू होतीलच असे नाही, ही शंका घेणारे होतेच. तिचे उत्तर आयडाहोच्या एका डॉक्टरकडे तयार होते. मॅककॅला नावाच्या या डॉक्टरने १९०५ मध्येच तापाने फणफणलेल्या रुग्णाच्या अंगावरची गोचीड काढून, संमती घेऊन, एका निरोगी पुरुषाला आणि नंतर एका स्त्रीला चावू दिली होती. दोघेही आजारी पडले आणि सुदैवाने बरे झाले. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग कोणी सुचवला तरी खटला भरला जाईल. त्याची हकिगत १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली.

१९०९ मध्ये रिकेट्स यांना रुग्णांच्या रक्तात आणि गोचिडीच्या अंड्यांत अतिसूक्ष्म, दोन्ही टोकांना गडद रंग घेणारे जंतू दिसले. कारण सापडले असे जाहीर करण्याचा मोह कोणालाही झाला असता. पण ते जंतू प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या माध्यमांवर वाढेनात, म्हणून त्यांनी ठाम दावा केला नाही, त्यांना नावही दिले नाही. ते का वाढत नव्हते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. हे जंतू जिवंत पेशीच्या आत शिरल्याशिवाय वाढूच शकत नाहीत. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशी त्यांना प्रिय. त्या फुटल्या की रक्त त्वचेखाली झिरपते आणि तेच काळे पुरळ म्हणून दिसते.

गोचीडच गुन्हेगार ठरल्यावर पाणी उकळून पिण्यात आणि धुक्यापासून दूर पळण्यात अर्थ राहिला नाही. बचावाची सारी दिशाच बदलली. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. ती कीटकही नव्हे. कोळी-विंचवांची आठ पायांची नातलग. गवताच्या पात्याच्या टोकाशी पुढचे पाय पसरून ती वाट पाहते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या श्वासाची, उबेची चाहूल लागताच त्याला बिलगते. म्हणून रानात जाताना अंगभर, फिकट रंगाचे कपडे घालावेत, म्हणजे चढणारी गोचीड दिसते; पँटची टोके मोज्यांत खोचावीत; गवतावर थेट बसू नये; उघड्या त्वचेवर कीटकरोधक औषध लावावे. परतल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांची मागची बाजू, केसांची मुळे नीट पाहावीत, लहान मुलांची तर अधिक काळजीने. चिकटल्याबरोबर जंतू अंगात जातो असे सहसा होत नाही, त्याला बहुधा काही तास लागतात, हे पुढच्या संशोधनातून कळले. संध्याकाळच्या या तपासणीचे मोल त्यामुळेच आहे.

गोचीड सापडली तर काय करावे, याबाबत आपल्याकडे भलतेच उपाय प्रचलित आहेत. कोणी रॉकेल ओततो, कोणी पेटती काडी लावतो, कोणी तेल चोपडतो. अशाने डिवचलेली गोचीड आपली लाळ उलट जखमेत सोडण्याचा धोका असतो. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी लगत धरावे, न पिळता सरळ वर ओढावे आणि जागा साबणाने धुवावी. बोटांत चिरडू नये. रिकेट्स यांच्या प्रयोगांनंतर तिच्या शरीरातील रसही निरुपद्रवी मानता येत नाही. त्यानंतर दोन आठवड्यांत ताप आलाच, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे. रिकेट्सियाच्या तापावर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध उत्तम लागू पडते, पण ते सुरुवातीच्या दिवसांत मिळाले तर.

कुत्र्या-मांजरांचे गणित थोडे वेगळे आहे. आपल्याकडच्या कुत्र्यांवर सर्रास आढळणारी तपकिरी गोचीड रानाची वाट पाहत नाही. ती घरातच नांदते. पोट भरले की खाली उतरून भिंतीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात, अंथरुणाच्या शिवणीत जाते आणि मादी तेथे हजारोंनी अंडी घालते. त्यामुळे केवळ कुत्र्याला औषध लावून भागत नाही. त्याची बसण्याची जागाही साफ करावी लागते. औषध पशुवैद्यांना विचारूनच घ्यावे. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांतील परमेथ्रिन मांजराला मारक ठरते, हे अनेकांना माहीत नसते. या तपकिरी गोचिडीला कमी लेखू नये. बिटररूटच्या तापाची ओळख रानातल्या गोचिडीशी जोडलेली असताना २००३ पासून अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातील आदिवासी वस्त्यांत तोच ताप या घरगुती गोचिडीमुळे पसरला. मोकाट कुत्र्यांच्या गळ्यात औषधी पट्टे बांधल्यावर आणि घरांभोवती फवारणी केल्यावर तेथे रुग्ण घटले.

महाराष्ट्राला गोचिडीचा धडा वेगळ्या रोगाने मिळाला. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये माकडे पटापट मरू लागली आणि गावकरी तापाने आजारी पडले, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, त्याचे कारण शोधले. गोचिडीतून येणारा हा विषाणू २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात पोहोचला. तेथे त्याला 'माकडताप' म्हणतात. तो रिकेट्सिया नव्हे, त्यावर डॉक्सिसायक्लिन चालत नाही. त्यामुळे काजूच्या बागेत जाणाऱ्याला कपड्यांची, अंगाला लावायच्या औषधाची आणि घरी येताच गरम पाण्याने आंघोळीची काळजी घेण्यावाचून गत्यंतर नाही. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणे, हीही त्यातलीच गोष्ट.

रिकेट्स यांचे काम भरात आले असतानाच माशी शिंकली ती पैशाची. १९०९ मध्ये मोंटानाच्या तिजोरीतून संशोधनाचा निधी वेळेवर सुटेना. हात बांधून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मेक्सिको शहरात त्या वेळी 'ताबार्दियो' नावाने ओळखल्या जाणाऱ्या टायफस तापाने थैमान घातले होते. पुरळासह येणारा हा ताप त्यांना बिटररूटच्या तापाशी नाते सांगणारा वाटला. त्या वर्षाच्या अखेरीस रसेल वाइल्डर या आपल्या तरुण विद्यार्थ्याला बरोबर घेऊन ते मेक्सिकोला गेले. हाच वाइल्डर पुढे मेयो क्लिनिकमध्ये मधुमेहाचा नामांकित डॉक्टर झाला आणि सध्या शहरांत गाजणाऱ्या 'कीटोजेनिक' आहाराला १९२१ मध्ये हे नाव त्यानेच दिले. असो.

काही महिन्यांतच दोघांनी दाखवून दिले, की मेक्सिकोतला टायफस कपड्यांतल्या उवांमार्फत पसरतो. ट्यूनिसमध्ये शार्ल निकोल यांनी १९०९ मध्येच तसे सिद्ध केले होते. त्याला येथे स्वतंत्र पुष्टी मिळाली. आजारी माणसाच्या रक्तात आणि उवांच्या शरीरात पुन्हा तसलेच सूक्ष्म जंतू दिसले. तेथेच रिकेट्स यांना टायफसची लागण झाली आणि ३ मे १९१० रोजी त्यांचा अंत झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील विकृतिशास्त्राच्या प्राध्यापकपदाचे निमंत्रण त्यांनी स्वीकारलेले होते. त्या पदावर ते कधी रुजू झाले नाहीत. ज्याने गोचिडींच्या खोऱ्यात चार हंगाम निभावले, त्याला परमुलखातल्या उवेने गाठले.

पाच वर्षांनी, १९१५ मध्ये, जर्मनीतील युद्धकैद्यांच्या छावणीत टायफसचा अभ्यास करताना श्टानिस्लाउस फॉन प्रोव्हाचेक हेही त्याच तापाने गेले. त्यांचे सहकारी, ब्राझीलचे एन्रिके द रोशा लिमा हेही आजारी पडले, पण वाचले. त्यांनी १९१६ मध्ये टायफसच्या जंतूला 'रिकेट्सिया प्रोव्हाझेकी' हे नाव देऊन दोघा मृतांची नावे एकत्र गुंफली. बिटररूटच्या तापाचा जंतू पुढे 'रिकेट्सिया रिकेट्सी' झाला. ज्याने जंतूला नाव देण्याचे टाळले, त्याचे नाव त्या जंतूला दोनदा लागले.

खोऱ्यातला लढा मात्र संपला नव्हता. गुरांना औषधी पाण्यात बुडवण्याची सक्ती झाली तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला. सरकारी डॉक्टर थॉमस मॅक्लिंटिक १९१२ मध्ये या तापाने मरण पावले. प्रयोगशाळेतल्या आणखी काहींचेही प्राण गेले. स्पेन्सर आणि पार्कर यांनी चिरडलेल्या गोचिडींपासून लस बनवली आणि १९२४ मध्ये स्पेन्सर यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १९२८ मध्ये हॅमिल्टन गावात स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली, तेव्हा तेथील गोचिडी बाहेर पडतील म्हणून गावकरी हादरले. त्यांच्या समाधानासाठी इमारतीभोवती पाण्याचा छोटा चर खणावा लागला.

त्याच प्रयोगशाळेत स्विस वंशाचे विली बर्गडॉर्फर यांना १९८१ च्या सुमारास नदीच्या दोन काठांचे ते जुने कोडे उलगडू लागले. पूर्व काठावरच्या अनेक गोचिडींच्या अंडाशयात त्यांना रिकेट्सियाचीच दुसरी, माणसाला अपाय न करणारी जात आढळली. तिने तेथे आधीच बस्तान मांडल्यामुळे जीवघेण्या जातीला त्या गोचिडींच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जाता येत नव्हते. दोन्ही काठांचे पाणी मात्र पहिल्यापासून सारखेच निर्मळ होते.